चुंबक, उष्णता आणि कंपोझिट: बेळगाव भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबाग आणि मच्छेच्या फौंड्रीवाल्यांचे प्रश्न वेगळे, मोटर रिवाइंडिंगवाल्यांचे वेगळे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या कॉलेजांतल्या प्रोजेक्टवाल्यांचे तर त्याहून वेगळे. तरीही बहुतेकांच्या मुळाशी एकच गफलत असते. दोन पदार्थ मिसळून कंपोझिट केलं की त्यांच्या गुणांचीही सरासरी निघेल, असं सगळे धरून चालतात. खालची उत्तरं कामाला लागणाऱ्यांसाठी आहेत, म्हणून मापं आणि चुकीच्या जागा जास्त, तत्त्वज्ञान कमी.

दोन पदार्थ मिसळले तर गुणधर्म मधेच कुठेतरी यायला हवेत ना?

घनतेचं तसं होतं. चुंबकाच्या बाबतीत संपृक्त चुंबकन, म्हणजे जोरदार क्षेत्रात पदार्थ जास्तीत जास्त किती चुंबकित होतो ती किंमत, वजनाच्या प्रमाणात सरळ बेरजेने येते. बाकी बहुतेक गुण तसे वागत नाहीत.

पारगम्यता, म्हणजे पदार्थ चुंबकीय रेषांना किती सहज वाट देतो ते माप, घ्या. २००० सापेक्ष पारगम्यतेच्या फेराइटची (लोह ऑक्साइडचं चुंबकीय सिरॅमिक) पूड करून निम्म्या आकारमानाने इपॉक्सीत मिसळली, तर मिश्रणाची पारगम्यता १००० येत नाही, साधारण ४ ते १० च्या घरात येते. प्रत्येक कणाभोवती इपॉक्सीची फट असते आणि चुंबकीय रेषांना दर वेळी ती ओलांडावी लागते. उष्णतेचंही हेच. दोन्हींना एकच सूत्र लागतं, मॅक्सवेलचं. पुढे इपॉक्सीच्या प्रश्नात ते आकड्यांसह दिलं आहे.

ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न दोन्ही लोखंड-ग्राफाइटच. मग ब्रेक ड्रमला ग्रे का मागतात?

कारण ग्रे आयर्न हेच मुळात एक कंपोझिट आहे आणि त्यात ग्राफाइट कशा आकारात बसलंय यावर सगळं ठरतं. ग्रे आयर्नमध्ये ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात असतं आणि एकेका पेशीतले पापुद्रे एकमेकांना जोडलेले असतात. ग्राफाइट आपल्या थराच्या दिशेने उष्णता लोखंडापेक्षा कितीतरी चांगली वाहून नेतं, त्यामुळे या जाळ्यातून उष्णतेला सलग वाट मिळते. एसजीमध्ये तेच ग्राफाइट सुटे गोळे होऊन बसतं. प्रत्येक गोळ्याभोवती लोखंडच. वाट तुटली.

आकड्यांत: ग्रे आयर्न साधारण ४५ ते ५५ वॅट प्रति मीटर-केल्विन, एसजी ३० ते ३६. कार्बनचं प्रमाण जवळपास सारखंच असून हा फरक पडतो. सिलिकॉन वाढवलं की दोन्हींची वाहकता आणखी उतरते, कारण सिलिकॉन लोखंडात विरघळून बसतं आणि उष्णता नेणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या वाटेत येतं. ताकदीसाठी एसजी, उष्णतेसाठी ग्रे, हा हिशोब त्यामुळे आहे. गिऱ्हाइकाने ब्रेकच्या भागासाठी ‘मजबूत हवं म्हणून एसजी’ असं सांगितलं तर ऑर्डर घेण्याआधी त्याला हे समजावून सांगितलेलं बरं.

कास्टिंगमध्ये चिल आलंय का, हे हातातल्या चुंबकाने कळेल का?

नाही. चिल म्हणजे लवकर थंड झाल्याने तयार झालेलं सिमेंटाइट, लोखंड-कार्बनचं कडक संयुग, आणि तेही नेहमीच्या तापमानाला लोहचुंबकीयच असतं. त्याचं क्यूरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर पदार्थ लोहचुंबकीय राहत नाही ते, साधारण २१० अंश सेल्सिअस आहे. चुंबक दोन्हीकडे चिकटेल. फरक पडतो तो निग्राही बलात, म्हणजे चुंबकन उलटवायला लागणाऱ्या क्षेत्रात: फेराइटी (इथे जवळजवळ शुद्ध लोखंडाचा) पाया चुंबकाच्या दृष्टीने मऊ, पर्लाइटी त्याहून कडक, सिमेंटाइट असलेला आणखी कडक. एडी करंटवर (धातूत फिरणाऱ्या भोवरी प्रवाहांवर) किंवा निग्राही बलावर चालणारी सॉर्टिंग मशीन हेच मोजते. तिला आधी तुमच्याच फौंड्रीचे चांगले आणि वाईट नमुने दाखवून बसवावं लागतं. दुसऱ्याच्या फौंड्रीतली सेटिंग उचलून आणली तर चांगला माल बाहेर आणि वाईट माल आत.

इंडक्शन भट्टीत भंगार लाल झाल्यावर मीटरचा आकडा एकदम बदलतो. भट्टीत बिघाड आहे का?

बहुधा नाही. लोखंड ७७० अंशांला, म्हणजे त्याच्या क्यूरी बिंदूला, लोहचुंबकीय राहत नाही, आणि त्या क्षणी भट्टीच्या दृष्टीने आतला माल बदलतो.

प्रवाह धातूत किती खोल शिरतो ते रोधकता, पारगम्यता आणि वारंवारिता या तिघांवर ठरतं. ५०० हर्ट्झला, भट्टीतल्या जोरदार क्षेत्रात सापेक्ष पारगम्यता १०० धरली तर थंड लोखंडात ही खोली एक मिलीमीटरहूनही कमी येते. क्यूरी बिंदूच्या वर पारगम्यता १ वर येते, रोधकता कित्येक पट वाढलेली असते, आणि खोली साधारण २४ मिलीमीटर होते.

व्यवहारात याचा अर्थ असा: ज्या तुकड्याची जाडी या खोलीच्या दुपटी-तिपटीहून कमी आहे तो क्यूरी बिंदूनंतर नीट तापत नाही. प्रवाह एका बाजूने जातो, दुसऱ्या बाजूने उलटा येतो, आणि दोन्ही एकमेकांना मारतात. म्हणून सुटं बोरिंग (यंत्रकामातला बारीक चुरा) नुसतंच भरलं की थंड असताना झपझप तापतं आणि लाल झाल्यावर रेंगाळतं. उपाय जुनाच आहे: तळाला वितळलेल्या धातूची हील ठेवा आणि बोरिंग त्यात थोडं थोडं सोडा. मात्र ते कोरडं करूनच. कूलंटचा ओलावा राहिला तर धातू उसळतो.

मोटरची वाइंडिंग भरायला इपॉक्सीत ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड) टाकतो. किती टाकावा?

इथे सगळ्यात जास्त चूक होते ती वजनात आणि आकारमानात. सूत्रात जातं ते आकारमान, वजनकाट्यावर दिसतं ते वजन. इपॉक्सीची घनता साधारण १.१५, ॲल्युमिनाची ३.९५. म्हणजे हार्डनरसकट १०० ग्रॅम इपॉक्सी सुमारे ८७ घन सेंटीमीटर भरतं. त्यात ३० टक्के आकारमानाचा ॲल्युमिना हवा असेल तर १४७ ग्रॅम लागतो, ५० टक्के हवा असेल तर ३४३ ग्रॅम. ‘३० टक्के टाकला’ म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात १०० ग्रॅमला ४३ ग्रॅम टाकलेला असतो. तो आकारमानाने जेमतेम ११ टक्के होतो, आणि मग मोटर तापतच राहते.

आता सूत्र. भराव (इथे ॲल्युमिना) पायापेक्षा (इथे इपॉक्सी) कितीतरी जास्त वाहक असेल तर मिश्रणाची वाहकता = पायाची वाहकता × (१ + २φ) ÷ (१ − φ). φ म्हणजे भरावाचा आकारमानाचा अंश. इपॉक्सी ०.२ वॅट प्रति मीटर-केल्विन. ३० टक्क्यांना उत्तर येतं सुमारे ०.४५, ५० टक्क्यांना ०.८ च्या आसपास. कण एकमेकांना टेकू लागले की प्रत्यक्ष आकडा याहून थोडा वर जातो.

या सूत्रात भरावाची स्वतःची वाहकता जवळजवळ दिसतच नाही, हे नीट पाहा. ॲल्युमिना ३० वाहकतेचा, त्याजागी २०० चा महागडा ॲल्युमिनियम नायट्राइड वापरला तर ३० टक्के भरावाला उत्तर ०.४५ ऐवजी ०.४६ येतं. उष्णता अडते ती कणांमधल्या इपॉक्सीत. पैसे भरावाच्या जातीवर घालवू नका, भरावाच्या प्रमाणावर घालवा. बेळगावात हिंडाल्कोचा ॲल्युमिना कारखाना असल्याने या मालाची ओळख इथल्या लोकांना आहेच. पॉटिंगसाठी (वाइंडिंग इपॉक्सीने भरण्यासाठी) कॅल्साइन केलेला, कोरडा, कणाचा आकार लिहिलेला ॲल्युमिना मागा. ॲल्युमिना हायड्रेट हा वेगळा माल. तो साधारण २०० अंशांच्या वर पाणी सोडतो आणि त्याची वाहकताही कमी.

५० टक्के भराव एकाच आकाराच्या कणांनी गाठायला गेलात तर मिश्रण ओतता येणार नाही, थापावं लागेल. ४० मायक्रॉनचा ७० भाग आणि ५ मायक्रॉनचा ३० भाग असा मिसळा. मोठ्या कणांच्या फटीत लहान बसतात आणि मिश्रण वाहतं राहतं. आधी भराव मिसळा, ६० अंशांला गरम करून निर्वात पंपाखाली फेस मरेपर्यंत ठेवा, कोमट झाल्यावर हार्डनर घाला, पुन्हा दोन-तीन मिनिटं निर्वात द्या आणि मग ओता. हार्डनर गरम मिश्रणात घातला तर भांड्यातच दगड होतो.

मग नॅनो ॲल्युमिना टाकला तर आणखी चांगलं?

उष्णतेसाठी नाही. नॅनो म्हटलं की चांगलंच, असं कॉलेजच्या प्रस्तावांत फार दिसतं.

दोन पदार्थांच्या सीमेवर उष्णतेला स्वतंत्र अडथळा असतो. १९४१ मध्ये कापित्झाने द्रव हेलियम आणि घन पदार्थ यांच्या सीमेवर तो मोजला, म्हणून त्याचं नाव कापित्झा रोध. हा रोध गुणिले पायाची वाहकता केली की एक लांबी मिळते. कण त्या लांबीइतके लहान झाले की भरावाचा फायदा संपतो. इपॉक्सीत ही लांबी काही नॅनोमीटर ते दहाएक नॅनोमीटर. म्हणजे २० नॅनोमीटरचा कण टाकला तर त्याचं अर्धंअधिक भांडवल सीमेवरच खर्च होतं. शिवाय पृष्ठभाग इतका वाढतो की ५ टक्के आकारमानालाच मिश्रण लोण्यासारखं घट्ट होतं, आणि ५० टक्क्यांचं स्वप्न तिथेच संपतं.

धातूच्या पायात हीच लांबी मायक्रॉनमध्ये जाते, कारण पायाची वाहकता हजार पट. ॲल्युमिनियममध्ये ती साधारण १ ते २ मायक्रॉन भरते. उष्णतेसाठी सिलिकॉन कार्बाइड घालायचं तर कण १० मायक्रॉनहून मोठे घ्या. ताकदीसाठी बारीक कण लागतात, उष्णतेसाठी जाड. एकाच प्रोजेक्टमध्ये ‘दोन्ही सुधारले’ असं लिहिण्याआधी हे तपासा.

जून ते सप्टेंबर इपॉक्सीवर पांढुरका, तेलकट थर येतो. हार्डनर खराब आहे का?

खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात हवा दिवसदिवस दमट असते. अमाइन जातीचा हार्डनर हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा ओढून घेतो, त्याचा हा थर. आतलं इपॉक्सी बहुधा नीट बसलेलं असतं. कोमट पाण्याने आणि स्क्रबरने पुसा, वाळवा, मगच दुसरा थर द्या. तसाच दिला तर थर सुटून येतो. ॲल्युमिना ओतण्याआधी १२० ते १५० अंशांला तीन-चार तास वाळवा, कारण बारीक पूड ओलावा धरून ठेवते आणि तो नंतर बुडबुडे होऊन बाहेर येतो. हार्डनरचा डबा अर्धा झाला की लहान बाटलीत काढून घट्ट झाका.

ली डिस्कवर (उष्णतावाहकता मोजायचं, वाफेवर चालणारं उपकरण) वाहकता नेहमी कमीच येते. सूत्रात चूक आहे का?

सूत्रात नाही, संपर्कात आहे. ११० मिलीमीटर व्यासाची, ३ मिलीमीटर जाडीची, ०.४५ वाहकतेची चकती घ्या. तिचा औष्णिक रोध सुमारे ०.७ केल्विन प्रति वॅट. चकती पितळी तबकड्यांना नीट न टेकता दोन्ही बाजूंना ०.०५ मिलीमीटर हवा राहिली, कागदाच्या जाडीएवढीही नाही, तरी तिचा रोध प्रत्येक बाजूला ०.२ होतो. एकूण ०.७ च्या जागी १.१. तुमच्या वहीत वाहकता ०.२९ येणार, आणि ‘भरावाचा परिणाम झाला नाही’ असा निष्कर्ष निघणार.

उपाय दोन. पहिला, दोन्ही बाजूंना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. दुसरा आणि जास्त खात्रीचा: एकाच मिश्रणातून ३ आणि ६ मिलीमीटरच्या दोन चकत्या ओता, दोन्हींचा एकूण रोध मोजा आणि वजाबाकी करा. संपर्काचा रोध दोन्हीत सारखाच असल्याने तो निघून जातो, उरतो तो ३ मिलीमीटर पदार्थाचा.

आणखी तीन गोष्टी. वाफ सुरू केल्यावर पाऊण ते एक तास थांबा, दोन्ही थर्मामीटर दहा मिनिटं हलता कामा नयेत. थंड होण्याचा वेग मोजताना तो नेमका स्थिर तापमानावरचा घ्या, आलेखाच्या सुरुवातीचा नव्हे. आणि पंखा बंद. खिडकीतून वारा येत असेल तर ती पण.

मॅग्नेटाइटचे (चुंबकीय लोह ऑक्साइडचे) नॅनोकण बनवायची खात्रीची कृती कोणती?

सहअवक्षेपण, म्हणजे दोन्ही लोहक्षार एकाच द्रावणातून एकत्र साका करून काढणं. सुमारे २.३ ग्रॅम पुडीसाठी हे घ्या: फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट ५.४१ ग्रॅम, फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट १.९९ ग्रॅम, उकळून हवा काढलेलं ऊर्ध्वपातित पाणी १०० मिलिलिटर, २५ टक्के अमोनिया द्रावण १५ ते २० मिलिलिटर. फेरिक आणि फेरसचं मोल प्रमाण २ : १ हवं.

क्षार विरघळवा, ७० अंशांला आणा, यांत्रिक ढवळणीने जोरात ढवळा. चुंबकी ढवळणी नको, सगळा माल तिच्या कांडीला चिकटतो. नायट्रोजन असेल तर सोडा. अमोनिया एका मिनिटाच्या आत घाला, पीएच १० च्या आसपास यायला हवा. द्रावण लगेच काळं होतं. अर्धा तास ढवळत ठेवा, मग भांड्याखाली मोठा चुंबक धरून वरचं पाणी ओता. पीएच ७ येईपर्यंत चार-पाच वेळा धुवा. ६० अंशांला निर्वातात वाळवा, उघड्या ओव्हनमध्ये नको.

पूड तपकिरी झाली तर मॅग्नेटाइटचं मॅघेमाइट, म्हणजे जास्त ऑक्सिडाइझ झालेलं रूप, झालंय. चुंबकाला ती तरीही चिकटेल, त्यामुळे चिकटणं ही परीक्षा नाही. लालसर झाली आणि चिकटणं मंदावलं तर हेमाटाइट. सुरुवातीलाच द्रावण हिरवट-तपकिरी दिसलं तर फेरस क्षार आधीच खराब होता.

खताच्या दुकानातलं हिराकस (फेरस सल्फेट) वापरलं तर चालेल का?

चिकोडी-अथणीकडे उसाच्या पिवळेपणावर हिराकस मारतात, त्यामुळे ते सहज मिळतं. शाळेतल्या प्रयोगाला चालेल, मोजमापाला नको. हिरवे स्वच्छ खडे निवडा, तपकिरी पुटं आलेले टाका, कारण ते पुट म्हणजे आधीच फेरिक झालेलं लोह. वरच्या कृतीत फेरस क्लोराइडऐवजी २.७८ ग्रॅम घ्या आणि धुण्याचे दोन फेरे वाढवा.

एक्सआरडीवरून (क्ष-किरण विवर्तनावरून) कणाचा आकार ०.१८ नॅनोमीटर आला. इतका लहान?

मॅग्नेटाइटची एकक पेशीच ०.८४ नॅनोमीटरची आहे. त्याहून लहान स्फटिक असूच शकत नाही. शेररच्या सूत्रात (शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढणाऱ्या) शिखराची रुंदी अंशांत घातली गेली आहे, ती रेडियनमध्ये हवी. ०.८ अंश म्हणजे ०.०१४ रेडियन. तांब्याच्या १.५४०६ अँगस्ट्रॉम किरणांना, ३५.४ अंशांवरच्या मुख्य शिखराला, उत्तर सुमारे १०.४ नॅनोमीटर येतं. यंत्राची स्वतःची रुंदीही आधी वजा करा. ३३.२ अंशांवर लहानसं शिखर दिसलं तर हेमाटाइट मिसळलंय. मॅग्नेटाइट आणि मॅघेमाइट मात्र साध्या एक्सआरडीने वेगळे करायला जाऊ नका. शिखरं जवळजवळ एकावर एक येतात, आणि नॅनोकणांत ती रुंद असल्याने फरक बुडतो.

व्हीएसएममध्ये (नमुना कंपवून चुंबकन मोजणारं यंत्र) संपृक्तता ४५ इएमयू (चुंबकनाचं एकक) प्रति ग्रॅम आली, पुस्तकात ९२ आहे. कृती फसली का?

फसली नाही. १० नॅनोमीटरच्या कणाचा बाहेरचा एक नॅनोमीटर थर चुंबकाच्या दृष्टीने विस्कळीत असतो, तिथले स्पिन (अणूंचे सूक्ष्म चुंबक) एका दिशेला उभे राहत नाहीत. आत उरला ८ नॅनोमीटरचा गाभा. ०.८ चा घन ०.५१. म्हणजे ९२ चे ४७ तिथेच झाले.

त्यावर ओलेइक ॲसिडचा लेप असेल तर त्याचं वजनही तुम्ही मॅग्नेटाइट म्हणून मोजलंय. टीजीए (तापवत वजन मोजायची चाचणी) करून ५०० अंशांपर्यंत किती वजन जातं ते पाहा आणि तेवढं वजा करा. आलेख मोठ्या क्षेत्रात सपाट न होता खाली झुकत असेल तर नमुना धरणाऱ्या प्लास्टिकचा प्रतिचुंबकीय (क्षेत्राच्या उलट दिशेचा) हिस्सा काढायचा राहिला आहे. रिकाम्या होल्डरची फेरी आधी घ्या.

व्हीएसएमच्या आलेखाला पोटच नाही, जाता-येता रेघ एकच. हे चांगलं की वाईट?

नॅनोकणांत हेच अपेक्षित आहे. कण लहान झाला की त्याचं चुंबकन उलटवायला लागणारी ऊर्जा औष्णिक हालचालीच्या आवाक्यात येते आणि ते आपोआप पालटत राहतं. याला अतिपराचुंबकत्व म्हणतात. मर्यादा काढायला अंदाजी नियम असा: विषमदिशिता स्थिरांक (चुंबकन ठराविक दिशेला किती घट्ट धरलं जातं त्याचं माप) गुणिले कणाचं आकारमान = २५ गुणिले औष्णिक ऊर्जा. मॅग्नेटाइटसाठी स्थिरांक १.२ × १० चा चौथा घात जूल प्रति घनमीटर धरला तर ३०० केल्विनला व्यास २५ नॅनोमीटर येतो. पृष्ठभागामुळे प्रत्यक्षात स्थिरांक वाढतो आणि मर्यादा थोडी खाली सरकते. नियमातला ‘२५ गुणिले’ हा आकडा एका मोजणीला १०० सेकंद लागतात असं धरून आलेला आहे. वेगवान मोजणीत तोच कण ‘अडलेला’ दिसतो.

निकेल-झिंक फेराइट ऑटो-कंबशनने करतो, दर बॅचला वेगळं येतं. कुठे चुकतं?

निकेल आणि झिंक अर्धे-अर्धे असलेल्या ४.७५ ग्रॅम फेराइटचं माप: निकेल नायट्रेट हेक्साहायड्रेट २.९१ ग्रॅम, झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट २.९७ ग्रॅम, फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट १६.१६ ग्रॅम, सायट्रिक ॲसिड मोनोहायड्रेट १२.६१ ग्रॅम. विरघळवा, अमोनियाने पीएच ७ करा, ८० ते ९० अंशांला जेल होईपर्यंत आटवा, मग तापमान २०० च्या पुढे न्या. जेल फुगून स्वतःच पेटते. एक लिटरचं बीकर घ्या, राख उडून बाहेर पडते. तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, म्हणून फ्यूम हूडमध्येच. निकेलची पूड कर्करोगकारक आहे, मास्क साध्या कापडाचा नको.

चूक बहुधा तराजूवर होते. फेरिक नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडच्या जुलैत बाटली उघडून वजन करेपर्यंत खडे ओले होतात. ५ टक्के पाणी जास्त म्हणजे लोह ५ टक्के कमी, आणि मग निकेल-झिंकचे ऑक्साइड वेगळे पडतात.

सरळ उपाय म्हणजे वजनाने न घेता द्रावणाने घ्या. फेरिक नायट्रेटचं साधारण १ मोलर द्रावण एकदाच करून ठेवा. त्यातलं नेमकं १० मिलिलिटर सिरॅमिक क्रुसिबलमध्ये आटवा, ९०० अंशांला भाजा, उरलेला फेरिक ऑक्साइड तोला. ०.७९८ ग्रॅम आला तर द्रावण बरोबर १ मोलर. ०.७५ आला तर ०.९४ मोलर. त्या आकड्यावरून पुढच्या सगळ्या बॅचचं माप काढा. अर्ध्या दिवसाचं काम, पण नंतर महिनाभर डोकेदुखी नाही.

गोळीसाठी: ६०० अंशांला भाजलेली पूड, २ टक्के पीव्हीए (बाइंडर) द्रावणाचे काही थेंब, १३ मिलीमीटरच्या डायमध्ये ५ टन. ५०० अंशांपर्यंत मिनिटाला २ अंशांहून जलद तापवू नका, बाइंडर निघताना गोळी तडकते. मग ११०० ते ११५० अंश, चार तास. १२०० च्या वर जस्त उडू लागतं. मध्येच वीज गेली तर दार उघडू नका, भट्टी आपोआप निवू द्या आणि नोंद करा. पुन्हा चढवता येते, पण त्या गोळीची तुलना सलग भाजलेल्या गोळीशी करू नका.

जस्त अचुंबकीय, तरी ते वाढवलं की चुंबकत्व वाढतं. असं कसं?

फेराइटमध्ये दोन प्रकारच्या जागा असतात आणि त्यांचे चुंबकन एकमेकांविरुद्ध असतात. आपल्याला मिळते ती वजाबाकी. लुई नेलने हे उलगडून दाखवलं, त्याला १९७० चं नोबेल मिळालं. जस्त कमकुवत बाजूच्या जागेत जाऊन बसतं आणि तिथलं लोह बलवान बाजूला ढकलतं, म्हणून वजाबाकी वाढते. जस्त साधारण निम्म्याच्या पुढे नेलं की दोन बाजूंमधला दुवा सैल पडतो, बलवान बाजूचे स्पिन तिरके होतात आणि चुंबकत्व उतरतं. क्यूरी तापमान मात्र पहिल्यापासून उतरतच असतं: शुद्ध निकेल फेराइटचं ५८५ अंशांच्या आसपास, निम्म्या जस्ताचं २५० ते ३०० दरम्यान.

क्यूरी तापमान कॉलेजच्या लॅबमध्ये मोजता येईल का?

येईल, आणि चांगलं येतं. फेराइटची भाजलेली कडी घ्या, काचतंतूच्या नळीत घातलेल्या तांब्याच्या तारेचे २० वेढे द्या, एलसीआर मीटरला (इंडक्टन्स मोजणाऱ्या) जोडा. टेफ्लॉनची तार २६० अंशांपर्यंतच. के-प्रकारचं थर्मोकपल कडीला टेकलेलं हवं, भट्टीच्या भिंतीला नव्हे. मिनिटाला २ ते ३ अंश तापवा, इंडक्टन्स नोंदवा. एका ठिकाणी तो कोसळतो. निवतानाही नोंदी घ्या आणि दोन्हींची सरासरी धरा.

कोसळणं ५ ते १० अंशांत संपलं तर जस्त सगळीकडे सारखं पसरलंय. ३०-४० अंश रेंगाळलं तर गोळीत ठिकठिकाणी जस्ताचं प्रमाण वेगळं आहे. ही माहिती एक्सआरडी इतक्या सहज देत नाही. कडी नसेल तर लोरिया-सिन्हा पद्धत: गोळी चुंबकित लोखंडी टोकाला चिकटवून तापवायची, पडली ते तापमान.

नॅनोपुडीवर हे करू नका. तापवता तापवता कण वाढतात आणि तुम्ही दुसराच नमुना मोजता. मॅग्नेटाइट तर हवेत ५८५ अंशांपर्यंत, म्हणजे त्याच्या क्यूरी तापमानापर्यंत, पोचतच नाही, आधीच ऑक्सिडाइझ होतं. त्याला आर्गॉन लागतो.

ई-बाइकच्या मोटरचे चुंबक उन्हाळ्यानंतर कमजोर झाले. पुन्हा भरता येतील का?

आधी खरंच उतरलेत का ते पाहा. निओडिमियम चुंबकाची क्षेत्रघनता अंशाला साधारण ०.१२ टक्के उतरते, आणि थंड झाल्यावर परत येते. मोटर पूर्ण थंड करून ठराविक आरपीएमला फिरवा, बॅक ईएमएफ (फिरताना मोटर स्वतः तयार करते ते व्होल्टेज) मोजा. नव्या मोटरपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त कमी असेल तर कायमचं नुकसान.

एन ३५ सारख्या साध्या ग्रेडची मर्यादा ८० अंश. क्यूरी तापमान ३१० असलं तरी निग्राही बल अंशाला ०.६ टक्के उतरतं, आणि गरम चुंबकावर वाइंडिंगचं उलट क्षेत्र आलं की तो कायमचा उतरतो. बेळगावच्या मेमध्ये सावलीत ३६-३७ असताना चढावर बंद हब मोटरच्या आत ८० गाठायला वेळ लागत नाही. ग्रेडच्या शेवटी एम असेल तर १००, एच तर १२०, एसएच तर १५०, यूएच तर १८० अंश. बदलताना हे अक्षर विचारूनच घ्या. पुन्हा भरायला ३ टेस्लाच्या आसपासचा झटका देणारी कॅपॅसिटर मशीन लागते, म्हणून बदलणंच परवडतं.

साध्या काळ्या फेराइट चुंबकांचं उलटं आहे. त्यांचं निग्राही बल तापल्यावर वाढतं, त्यांना धोका थंडीत.

वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये मॅग्नेटाइट ढवळून चुंबकीय कंपोझिट होईल का?

करू नका. ॲल्युमिनियम आणि लोह ऑक्साइड म्हणजे थर्मिटचा (पेटल्यावर प्रचंड उष्णता देणाऱ्या मिश्रणाचा) मसाला. बारीक पूड असेल तर ती पेटू शकते. पेटली नाही तरी ॲल्युमिनियम तिच्यातला ऑक्सिजन काढून घेतं आणि उरतं ॲल्युमिना व लोह-ॲल्युमिनाइड, तेही बहुतांशी अचुंबकीय. चुंबकीय हवं असेल तर इपॉक्सी किंवा नायलॉनचा पाया घ्या.

सिलिकॉन कार्बाइडचं स्टर कास्टिंग (वितळलेल्या धातूत पूड ढवळून ओतणं) चालतं: ए३५६ मिश्रधातू ७२० अंशांला, कार्बाइड ६०० अंशांला दोन तास तापवलेलं, भिजण्यासाठी १ टक्का मॅग्नेशियम, ४०० ते ५०० आरपीएम. कमी सिलिकॉनचा मिश्रधातू घेऊन जास्त तापवलात तर ॲल्युमिनियम कार्बाइड होतं. ते दमट हवेत मिथेन सोडत भुगा होतं. उन्हाळ्यात ओतलेला तुकडा पावसाळ्यात खवले सोडू लागला तर कारण हेच.

चाचण्या कुठे कराव्यात?

जवळची दोन ठिकाणं: सुमारे ७५ किलोमीटरवर धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि ११० किलोमीटरवर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. निघण्याआधी फोन करून कोणतं यंत्र सध्या चालू आहे, नमुना किती लागतो आणि कॉलेजचं पत्र हवं का, हे विचारा. व्हीएसएमला २० ते ५० मिलिग्रॅम पुरतात. वजन मिलिग्रॅमच्या दशांशापर्यंत केलेलं असावं आणि पुडीवर लिहावं. मॅग्नेटाइट पाठवायचं तर ताजं करून, हवा काढून सीलबंद. महिनाभर कपाटात पडलेली पूड मोजली तर मॅघेमाइटचाच आकडा येईल.

धुतलेलं पाणी मोरीत ओतलं तर?

मॅग्नेटाइटचं, अमोनिया उदासीन करून आणि गाळून, चालतं. निकेल असलेलं पाणी कधीच नाही. चुन्याने पीएच १० वर न्या, निकेल हायड्रॉक्साइडचा हिरवट साका रात्रभर बसू द्या, वरचं पाणी वेगळं काढून उदासीन करा आणि साका डब्यात वाळवून ‘निकेल’ असं लिहून ठेवा. ऑटो-कंबशनच्या बीकरची पहिली विसळणही त्याच डब्यात.